सोलापुरात उन्हाचा दुष्काळ?

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारीतली गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची, यात्रा संपली, की आमच्या दवाखान्यात दुसरी यात्रा भरते. धुळीत, गर्दीत लेकरं फिरवून आणायची, पाळण्यात बसवायची आणि मग आठवडाभर शेंबूड पुसत बसायचं. त्यात हल्ली दर दुसऱ्या आईचा प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, सारखी सर्दी होते, याचं व्हिटॅमिन कमी झालंय का?" एका हातात लॅबचा कागद, कडेवर मूल. मी आधी मूल बघतो, कागद नंतर. जुनी खोड आहे.

जीवनसत्त्व आणि छातीचे आजार यांचं नातं आहे, पण ते सरळ नाही. ते समजावायचं म्हणजे मला अव्वांची गोष्ट सांगावी लागते. माझ्या तोंडून आधी ऐकली असेल त्यांनी तेवढ्यात चहा टाकून यावा.

बरीच वर्षं झाली. आपल्या पूर्वभागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या एक आजी, सगळे त्यांना अव्वा म्हणत म्हणून मीही अव्वाच म्हणायचो. घरात पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. अव्वा आणि सून दोघी विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कात्री आणि भिजवलेली पानं. आणि सुपापासून हातभर अंतरावर नातवाचा झोळणा.

नातू चौदा महिन्यांचा. सहा महिन्यांत तिसऱ्यांदा न्यूमोनिया. त्याचा सदरा वर केला तर बरगड्यांच्या टोकांवर मण्यांच्या माळेसारख्या गाठी. मनगटं रुंद. अजून धरून उभा राहत नव्हता. हा मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या टंचाईने हाडं मऊ पडणं, हे कळायला लॅब लागत नाही. तरी तपासलं. वीसच्या वर असावं ते सहा निघालं.

मी म्हटलं, "अव्वा, याला ऊन कमी पडलंय."

अव्वांनी माझ्याकडे असं बघितलं, की मलाच ताप आलाय. "काय की डॉक्टर! ऊन? सोलापुरात? मे महिन्यात आमच्या पत्र्यावर भाकरी भाजंल, आन् तुमी म्हंता ऊन कमी पडलं?"

बाहेरचे पेशंटसुद्धा हसले. आता यांना काय सांगावं? मग मी त्या पोराचा दिवस विचारला. सकाळी उठला की कानटोपी. दिवसभर झोळण्यात, कारण बाहेर धग. उन्हं कलली की सहानंतर ओट्यावर. "आन् सकाळी सातला कोवळ्या उन्हात धरते की मी!" असं अव्वा ठासून म्हणाल्या.

(ही कानटोपी, श्रोतेहो, जानेवारीत समजू शकतो. मार्चमध्ये घामाने डोकं निथळतंय आणि टोपी डोक्यावर! याच्यावर वेगळं भाषण द्यायची माझी फार इच्छा आहे, पण वेळ देत नाहीत.)

तर कोवळं ऊन. छान असतं, उबदार असतं, पण त्यात त्वचेला ड जीवनसत्त्व बनवायला लागणारे किरण जवळपास नसतात. सूर्य वर चढायला हवा. साधी खूण सांगतो: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की ते ऊन कामाचं. पुन्हा सांगतो, सावली आखूड हवी. आणि काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन चालत नाही, काच ते किरण अडवते. होटगी रोडच्या फ्लॅटातली पोरं याच कारणाने पूर्वभागातल्या पोरांच्याच रांगेत येऊन बसतात.

हे अव्वांना सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे पापडाचं ऊन पायजे. सातच्या उन्हात पापड वाळत न्हाई."

बघा! मी इतकी वर्षं डॉक्टरकी केली, मला हे सुचलं नव्हतं.

मी म्हटलं, दहा-पंधरा मिनिटं पुरे, जास्त नको, भाजेल. अव्वांकडे घड्याळ कुठलं? त्यांनी स्वतःचं माप काढलं. पुढच्या महिन्यात मी एका कामानं त्या गल्लीत गेलो तेव्हा बघितलं. गच्चीवर जुन्या साडीवर पापड मांडलेले, शेजारी नुसत्या लंगोटावर नातू, आणि अव्वा काठी घेऊन कावळ्यांपासून दोन्ही ऐवज राखत बसलेल्या. पापडाची कड उचलायला लागली, की पोरगं आत. पापड मात्र उन्हातच.

पुढच्या वर्षभरात तो पोरगा एकदाही ॲडमिट झाला नाही. चालायला लागला, पाय सरळ झाले. अव्वांनी गल्लीभर सांगितलं, पापडाच्या उन्हानं बरा झाला.

आता माझी अडचण ऐका. मी त्याला ड जीवनसत्त्वाचं औषध आणि कॅल्शियमही दिलं होतं. राहिलेल्या लसी टोचल्या होत्या. आणि सुनेला सांगून झोळणा तंबाखूच्या सुपापासून दुसऱ्या खोलीत हलवला होता, तंबाखूची ती तिखट धूळ काही कमी नव्हती. मग बरा कशाने झाला? मला छातीठोक सांगता येत नाही. मुडदूस औषधाने गेला, हे नक्की. मऊ पडलेल्या बरगड्या घट्ट झाल्या, की मूल जोर लावून खोकू शकतं, कफ बाहेर पडतो, हेही खरं. पण म्हणून ड जीवनसत्त्व दिलं की सर्दी-न्यूमोनिया होतच नाही, असं नाही.

काबूलमध्ये सुमारे तीन हजार तान्ह्या मुलांवर हे तपासलं होतं, 2012 साली ते छापून आलं. दर तीन महिन्यांनी एक लाख युनिट दिले. न्यूमोनिया कमी झाला नाही. 2017 मध्ये पंचवीस चाचण्या एकत्र मोजल्या तेव्हा थोडा फायदा दिसला, तो रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं देण्यात, आणि ज्यांच्यात खरीच टंचाई होती त्यांच्यात जास्त. नंतर आणखी चाचण्या मिळवल्या, तसा तो फायदाही आक्रसत गेला. तेव्हा कमी असेल तर भरून काढा. कमी नसेल तर ओतू नका.

ओतू नका, हे दोनदा म्हणतो. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी ही शाम्पूची पुडी नव्हे. शेजारच्या पोराला दिली म्हणून आपल्यालाही, असं करू नका. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मूल उलट्या करतं, शौचाला कडक होतं, पाणी पाणी करतं. पहिल्या वर्षी रोज 400 युनिटचे थेंब, कारण आईच्या दुधात ड जीवनसत्त्व फार थोडं असतं. मात्र बाटली बदलली की मापही बदलतं. एका कंपनीचे 400 युनिट एका मिलिलिटरमध्ये, दुसरीचे अर्ध्यात. बाटलीवरचं वाचा, नाहीतर दुकानदाराकडून वाचून घ्या.

अ जीवनसत्त्वाचे डोस अंगणवाडीत मिळतात. नवव्या महिन्यात एक लाख, मग सोळाव्या महिन्यापासून दर सहा महिन्यांनी दोन लाख, पाच वर्षांपर्यंत मिळून नऊ. गोवर आलेल्या मुलाला तर हे द्यायलाच हवं. पहिला डोस सगळे घेतात, सातवा-आठवा कुणाच्या लक्षात राहत नाही. टॉनिकच्या बाटलीला तीनशे रुपये देतील, फुकटचा डोस चुकवतील. असो.

जाता जाता एक काम सांगतो. मूल खोकत असेल तर ते शांत असताना, झोपेत असलं तर उत्तमच, सदरा वर करा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त, वर्षाच्या आत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर व्हिटॅमिनचा कागद घरीच राहू द्या. रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा बोलवा. पुन्हा सांगतो, लिहून घ्या: साठ, पन्नास, चाळीस.

स्टुडिओच्या काचेपलीकडून बाई वेळ संपल्याचा हात दाखवतायत. नमस्कार.