डेक एकच, प्रश्न नेमका: ऑनलाइन कार्डखेळात पदार्पण

मित्रहो, ऑनलाइन कार्डखेळाकडे नव्याने वळलेला माणूस अनुभवी खेळाडूंना बहुधा एकच गोष्ट विचारतो: सर्वांत चांगली कार्डे कोणती, आणि ती लवकर कशी मिळतील? हे विचारणे स्वाभाविक आहे, कारण खेळ उघडताच समोर येते ते दुकान आणि झळाळत उघडणारी पॅक. माझे म्हणणे मात्र थोडे वेगळे आहे. सुरुवातीच्या काळात संग्रह वाढवण्याऐवजी एकच डेक, म्हणजे सामन्यासाठी निवडलेला कार्डांचा संच, घेऊन त्यातले निर्णय समजून घ्यावेत, आणि आपला अडलेला निर्णय इतरांपुढे नेमका मांडायला शिकावे. खेळाडूंच्या समुदायात नवख्याची जागा तयार होते ती यातून.

रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ 1993 मध्ये आला आणि संग्रह करण्याच्या कार्डांनी खेळायची आजची पद्धत त्याने रुजवली. त्याची ऑनलाइन आवृत्ती 2002 मध्ये निघाली. पण केवळ पडद्यासाठी रचलेल्या कार्डखेळाला मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला तो 2014 च्या ‘हार्थस्टोन’ने. पुढे ‘मॅजिक अरीना’, ‘मास्टर ड्युएल’, ‘मार्व्हल स्नॅप’, ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ असे अनेक खेळ आले आणि प्रत्येकाने आपापले माप ठरवले. मॅजिकच्या नेहमीच्या प्रकारात डेक किमान 60 कार्डांचा असतो आणि मूलभूत लँड नावाची साधनकार्डे सोडल्यास एका कार्डाच्या चारच प्रती चालतात. हार्थस्टोनमध्ये डेक साधारणपणे 30 कार्डांचा असतो आणि प्रती दोन, लेजेंडरी म्हणजे सर्वांत दुर्मीळ दर्जाचे कार्ड असेल तर एकच. पॉकेटमध्ये 20 कार्डे असतात. स्नॅपमध्ये 12 कार्डे, प्रत्येकाची एकच प्रत, आणि सामना बहुधा सहा डावांत संपतो. यांपैकी कोणता खेळ निवडावा यावर मी वेळ घालवणार नाही. ज्याचा एक सामना संपल्यावर दुसरा खेळावासा वाटतो, तो निवडावा. मात्र एका वेळी एकच.

आता पैशांचा आणि पॅकचा विचार, कारण नवखा माणूस सर्वाधिक नुकसान करून घेतो ते इथे. पॅकमधून काय निघेल हे दैवावर असते, आणि म्हणूनच अशा विक्रीकडे सरकारांचेही लक्ष गेले. चीनने 2017 पासून खेळ चालवणाऱ्यांना अशा पॅकमधल्या शक्यता जाहीर करायला लावल्या. बेल्जियमच्या जुगार नियामकाने 2018 मध्ये काही खेळांतल्या, पैसे देऊन उघडायच्या अशाच दैवाधीन पेट्या बेकायदा जुगारात मोडतात असे ठरवले. हार्थस्टोनच्या जाहीर झालेल्या आकड्यांनुसार लेजेंडरी कार्ड सरासरी 20 पॅकमागे एकदा निघते. सरासरी म्हणजे हमी नव्हे, हे मनाशी पक्के असले की ‘आणखी एकच पॅक’ हा मोह बराच ओसरतो.

संग्रहातली नको असलेली कार्डे मोडून हवे ते कार्ड घडवण्याची सोयही अनेक खेळांत असते, आणि तीही स्वस्त नसते. हार्थस्टोनमध्ये साधे लेजेंडरी कार्ड घडवायला 1600 डस्ट (कार्डे मोडून मिळणारे खेळातले चलन) लागते, तर तेच कार्ड मोडल्यावर हाती येते 400. म्हणजे चार मोडावीत तेव्हा एक मिळते. कॉमन कार्डाच्या बाबतीत हा व्यवहार आणखी महाग आहे: घडवायला 40, मोडल्यावर 5. म्हणून आपला डेक ठरेपर्यंत काहीही मोडू नये. शिवाय एखादे कार्ड कंपनीने नर्फ केले, म्हणजे त्याची ताकद कमी केली, तर बहुधा काही दिवस ते मोडल्यास त्याची पूर्ण किंमत डस्टच्या रूपात परत मिळते. थांबलेल्याला हा लाभ घेता येतो. अरीनामध्ये डस्टऐवजी वाइल्डकार्ड असतात, ज्यांच्या बदल्यात हवे ते कार्ड घेता येते. ते खर्च केले की सहसा परत मिळत नाहीत, त्यामुळे तिथे हात अधिकच आखडता ठेवावा लागतो.

पहिला डेक स्वतः रचावा की इतरांनी सिद्ध केलेला उचलावा, यावर खेळाडूंत जुना वाद आहे. माझे मत स्पष्ट आहे: तो उचलावा. याला नेटडेकिंग म्हणून नाके मुरडणारे भेटतील, पण गाणे शिकणारा पहिल्याच दिवशी स्वतःची बंदिश बांधत नाही. सिद्ध डेक हाती असला की हरल्यावर दोष रचनेचा की आपल्या खेळण्याचा, या गोंधळातून सुटका होते आणि लक्ष खेळण्यावर राहते. फक्त एक पथ्य पाळावे. खेळताना मोजावी लागणारी किंमत कमी असलेली, सुरुवातीलाच खेळता येणारी कार्डे भरपूर असलेला, आक्रमक वळणाचा डेक निवडावा. असे डेक बहुधा स्वस्तात उभे राहतात, सामने लवकर संपतात आणि चुका लगेच दिसतात.

तो डेक मग आहे तसाच खेळावा. दोन पराभवांनंतर त्यात फेरफार सुरू करू नयेत. असे का, ते थोड्या गणिताने सांगतो. मॅजिकच्या अनेक 60 कार्डांच्या डेकमध्ये 24 लँड असतात. लँड म्हणजे इतर कार्डे खेळण्याची किंमत चुकवणारे साधन. नवख्याला ही कार्डे निरुपयोगी वाटतात, म्हणून तो चार लँड काढून चार देखणी कार्डे घालतो. पहिला डाव आपला असेल तर चौथ्या डावापर्यंत आपण दहा कार्डे पाहिलेली असतात. 24 लँड असताना त्यांत सरासरी नेमके चार लँड येतात, म्हणजे चौथ्या डावात चार किमतीचे कार्ड खेळता येते. 20 लँड असताना ही सरासरी 3.33 वर घसरते आणि ती चार देखणी कार्डे हातातच अडकून बसतात.

प्रतींचेही असेच आहे. एखाद्या कार्डाच्या चार प्रती घेतल्या तर पहिल्या सात कार्डांत त्यातली एक तरी असण्याची शक्यता सुमारे 40 टक्के असते. दोन प्रती घेतल्या तर सुमारे 22 टक्के, आणि एकच घेतली तर जेमतेम 12 टक्के. यादीत कुठे चार, कुठे दोन लिहिलेले असते त्यामागे हा हिशेब असतो. तो ज्याला कळला, त्याला पुढे यादीतली दोन कार्डे बदलण्याचा अधिकारही मिळतो.

आता समुदायाबद्दल. ‘माझा डेक हरतो, काय करू?’ असे विचारणाऱ्याला उत्तरे मिळतात, पण ती एकमेकांशी विसंगत आणि बहुधा निरुपयोगी असतात, कारण उत्तर देणाऱ्याला काहीच दिसत नसते. याउलट, डेकची यादी, समोरच्याचा डेक कोणत्या वळणाचा होता, कितवा डाव होता, हातात काय होते, पटावर काय होते, आपण काय केले आणि दुसरे काय करता आले असते, इतके सांगितले तर कसलेले खेळाडूही आवडीने वेळ देतात. त्यांच्यासाठी ते एक कोडे असते आणि कोड्यांसाठीच ते हा खेळ खेळत असतात. बहुतेक खेळांत डेकची यादी एका क्लिकने मजकूर किंवा कोडच्या रूपात काढता येते. ती न देता प्रश्न विचारणे हे आळसाचे लक्षण मानले जाते आणि मला ते मत योग्यच वाटते. हरलेल्याच नव्हे, जिंकलेल्या सामन्याचाही प्रश्न विचारावा, कारण विजयात चुका झाकल्या जातात.

उत्तर देणारा कोणत्या हेतूने खेळतो हेही ओळखावे लागते. मॅजिकचे रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी खेळाडूंचे तीन ढोबळ प्रकार सांगितले आहेत. टिमीला भव्य काही घडण्याचा आनंद हवा असतो, जॉनीला आपली कल्पकता दाखवायची असते आणि स्पाइकला जिंकून स्वतःला सिद्ध करायचे असते. स्पाइकने दिलेला सल्ला जॉनीला रुक्ष वाटतो, आणि जॉनीने सुचवलेली अफलातून जुळणी घेऊन लॅडरवर, म्हणजे क्रमवारीच्या सामन्यांत, गेलेला स्पाइक चिडून परत येतो. दोघेही खरेच बोलत असतात. म्हणून आपल्याला काय हवे आहे, लॅडरवर वर चढायचे की विशिष्ट कार्ड खेळून पाहायचे, हे प्रश्नातच सांगितलेले बरे.

लॅडरबद्दल एवढेच की सामने जुळवणारी यंत्रणा आपल्याला तुल्यबळ प्रतिस्पर्धी देण्याच्या प्रयत्नात असते, त्यामुळे शंभरातले पन्नासच सामने जिंकणे हे अपयश नव्हे. लागोपाठ हरल्यावर चिडीने खेळत राहण्याला खेळाडू टिल्ट म्हणतात. अशा वेळी थांबणे हे कौशल्यच आहे. प्रतिस्पर्ध्याने डिवचणारे इमोट, म्हणजे खेळातले तयार संदेश, पाठवले तर त्याला म्यूट करण्याची सोय असते. ती पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवावी.

असे काही महिने गेल्यावर नवखा माणूस उत्तरे देऊ लागतो आणि क्वचित त्याहून पुढेही जातो. ‘ग्वेंट’ या खेळाचे उदाहरण बोलके आहे. 2023 नंतर त्याच्या कंपनीने नवी कार्डे काढणे थांबवले आणि कार्डांचा तोल राखण्याचे काम खेळाडूंच्या मतदानावर सोपवले. एखाद्या कार्डाची ताकद किंवा डेकमध्ये घेताना मोजावी लागणारी त्याची किंमत एकाने वाढवावी की कमी करावी, हे मते ठरवतात. मत देण्यापूर्वी तिथे लांबलचक चर्चा होतात. त्या चर्चांत कोणाकडे किती कार्डे आहेत हे कोणी विचारत नाही. एका गुणाच्या फरकाने कोणत्या डावातला कोणता निर्णय बदलेल, यावरच वाद रंगतो.