तुम्हीचं तू कधी होतं?

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

मी सोलापूरची. सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेय. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, आमची आई फार वाचते म्हणून. झालं! भेटेल तो विचारतो, "काकू, नवीन काय वाचू? प्रेमाबिमाचं, मैत्रीचं. ऐतिहासिक असलं तरी चालेल." त्यातला तो 'तरी' मला खुपतो. त्याच्याकडे येतेच.

यादी मी देणार नाही. बॅगेत दोन किलो शेंगाचटणी होती, त्यामुळे पुस्तकं सहाच आली, आणि ती सहाही लोकांनी नेलीत. पुस्तक हुडकायचं कसं, तेवढं सांगते.

एकतीस वर्षं मी पोस्टात काउंटरवर काढली, त्यामुळे शिक्क्यांकडे आपोआप लक्ष जातं. वाचनालयातल्या पुस्तकाला मागे तारखांचा कागद चिकटवलेला असतो. मी आधी तो बघते, मलपृष्ठ नंतर. नव्या कादंबरीवर महिन्यात चार शिक्के पडले असतील, तर ते पुस्तक कुणाच्या घरी पडून राहिलेलं नाही. हा माझा पहिला पुरावा. मात्र समासात पेन्सिल चालवणाऱ्यांपासून सावध राहा. एकानं पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं, "पान २१० ला तो जातो. रडू नये." मी १९० वरच रडले.

दिवाळी अंकही सोडू नका. १९०९ साली 'मनोरंजन'नं ती चाल पाडली. आजही एखादा नवा लेखक मला आधी तिथं कथेतून भेटतो आणि कादंबरी मागून येते.

आता खरी परीक्षा. पुस्तक मध्येच उघडायचं आणि दोघांचं बोलणं असलेलं एक पान वाचायचं. कोण कुणाला काय म्हणतं ते बघायचं. आपल्या भाषेत 'तुम्ही'चं 'तू' होणं ही केवढी मोठी घटना आहे! ती लेखकाच्या हातून नकळत घडून गेली असेल, तर त्याला पुढचंही काही दिसणार नाही. आजच्या कादंबरीत पहिल्या पानापासून 'तू' असतं. तिथं उलटं बघायचं. भांडणात "बरं, तुम्ही म्हणाल तसं" येतं का? आलं, की समजायचं, यानं संसार बघितलाय.

आणि तो 'तरी'. मराठीत ऐतिहासिक कादंबरी १८७१ च्या 'मोचनगड'पासून आहे. गड आणि तलवारी यांतच सगळं आलं, असं समजून कितीतरी जण त्या कपाटाकडे फिरकत नाहीत. पण १९६२ साली 'स्वामी' आली, आणि आमच्या घरातल्या बायका शनिवारवाड्यात शिरल्या त्या माधवराव आणि रमेसाठी. त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. "इकडून येणं झालं" असं बोलायचं. सगळी माया त्या 'इकडून'मध्ये भरायची, म्हणजे लेखकाची कसोटीच की! पेशवाईतली बायको नवऱ्याला नुसत्या नावानं हाक मारायला लागली की मी पुस्तक मिटते. दर ओळीत 'इकडून' पेरलेलं असेल तरी मिटते.

इतिहास तीनशे वर्षांपूर्वीचाच हवा असंही नाही. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. सत्तावीस वर्षांचा मुलगा. तिथली भाषा शिकले. १९४१ साली परिचर्या शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिन्हुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच डिसेंबरात डॉक्टर गेले, बत्तिसाव्या वर्षी. त्यांचं सोलापूरचं घर आता स्मारक आहे. शांतारामबापूंनी १९४६ साली चित्रपट काढला, त्यामुळे त्याग सगळ्यांना माहीत झाला. मला त्या दोघांचं घर बघायचंय. चिनी लोक त्यांना के दिहुआ म्हणत. पण घरात ती काय म्हणत असेल? भांडण झालं की त्यांच्या तोंडून पहिला शब्द मराठी निघत असेल की चिनी? असली कादंबरी मी हुडकायलेय. ती घरातली बोलणी कादंबरीकाराला रचावीच लागतील. वाचताना तेवढं भान ठेवायचं, बाकी खुशाल रडायचं. शिकलेल्या भाषेत माया करणं काय असतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तुमच्यातलंच कुणी लिहा की!

मैत्रीची खूण मात्र आमच्याकडे एकच, 'बे'. पुण्याच्या माणसाला ती शिवी वाटते. माझी मैत्रीण सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकर पद्मशाली समाजातली. घरी तेलुगू आणि पुढच्याच खोलीत माग. मराठी ती झोकात बोलते, वाचताना मात्र अडखळते. म्हणून ती कांड्या भरायची आणि मी शेजारी बसून कादंबरी वाचायची, मागाच्या खटखटाटावर आवाज चढवून. धागा तुटला की ती हात वर करायची, मी थांबायची. गाठ मारून झाली की, "हं, पुढं बे."

एकदा असाच हात वर झाला. पुस्तकातली बाई नवऱ्याला पत्र लिहायला बसली होती आणि मायना काय घालावा ते तिला सुचत नव्हतं. मी थांबले. बघते तर धागा शाबूत. हात तसाच वर, मान खाली. मग म्हणाली, "तेवढंच परत वाच बे."

आता गुडघ्यांमुळे तिनं ते काम सोडलंय. मी इथं आल्यापासून रोज फोनवर वाचून दाखवते. सहा पुस्तकं तुम्ही नेलीत, त्यातलं एक अर्धवट आहे. हिरव्या मुखपृष्ठाचं. कुणाकडे असेल त्यांनी जेवणाआधी आणून द्या. तिकडं रात्र व्हायला आलीय आणि ती जागी बसली असेल.