वाद्यांवाचून गायलेले गाणे

गाणे सुरू होते तेव्हा गिटार वाजत नाही, बँजोही नाही. एका बाईचा चढा, किंचित अनुनासिक आणि कोणाची मनधरणी न करणारा आवाज तेवढा ऐकू येतो आणि कोळशाच्या धुळीने फुप्फुसे निकामी झालेल्या एका खाणकामगाराची कहाणी सांगू लागतो. या गाण्याचे नाव ‘ब्लॅक लंग’, म्हणजे काळे फुप्फुस. ते रचणाऱ्या आणि गाणाऱ्या अमेरिकी गायिका हेझल डिकन्स यांच्या डोळ्यांसमोर होता त्यांचा सख्खा भाऊ थर्मन, ज्याला याच रोगाने नेले.

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण भागात, ॲपलेशियन डोंगररांगांमधल्या मर्सर काउंटीत, अकरा भावंडांच्या घरात हेझल वाढल्या. वडील खाणींसाठी लाकूड वाहून नेत आणि प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे प्रवचनही करीत. या पंथाच्या उपासनेत वाद्यांना मज्जाव असतो. माणसे नुसत्या गळ्याने गातात, त्यामुळे सुरातली चिरही झाकली जात नाही. हेझल यांच्या गाण्यातला उघडेपणा तिथलाच आहे, असे मला वाटते. त्याला कच्चेपणा म्हणणाऱ्यांनी तसले चर्च कधी ऐकले नसावे. घरी मात्र वडील बँजो वाजवीत, हेही सांगायला हवे.

खाणींत यंत्रे आली आणि हातांना काम उरले नाही, तशी डोंगरातली कुटुंबे पोटापाण्यासाठी शहरांकडे निघाली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हेझलही बाल्टिमोरला आल्या आणि कारखान्यात कामाला लागल्या. डोंगरातून आलेल्यांना तिथे ‘हिलबिली’, म्हणजे डोंगरातले गावंढळ, म्हणून हिणवले जाई. त्यांचा एक भाऊ क्षयरोगाच्या रुग्णालयात होता. लष्करी सेवेला नकार देऊन त्याऐवजी तिथे काम करणारे लोकसंगीतकार माइक सीगर त्याच्यामुळे डिकन्स कुटुंबाच्या ओळखीचे झाले, आणि घरातल्या गाण्याला श्रोते मिळू लागले. पुढे गायिका ॲलिस जेरार्ड यांच्यासोबत १९६५ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. पुरुषांच्या मक्तेदारीतल्या ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या प्रकारात दोन बायकांनी आघाडीवर उभे राहून गाणे ही तेव्हा नवलाचीच गोष्ट होती.

२० नोव्हेंबर १९६८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या फार्मिंग्टनजवळच्या खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार दगावले. आग विझवण्यासाठी खाणीची तोंडे बंद करण्यात आली, आणि त्यांतल्या १९ जणांचे मृतदेह कधीच हाती लागले नाहीत. हेझल यांनी या दुर्घटनेवरही गाणे रचले. पुढच्याच वर्षी काळ्या फुप्फुसाच्या रोगाला भरपाई मिळावी म्हणून राज्यातल्या सुमारे ४०,००० खाणकामगारांनी काम बंद केले, आणि वर्ष संपता संपता संघराज्याचा कायदाही झाला. कामगारांच्या मेळाव्यांत हेझल आपली गाणी गात राहिल्या. केंटकीतल्या खाणकामगारांच्या संपावरचा, ऑस्कर मिळालेला ‘हार्लन काउंटी, यूएसए’ हा १९७६चा माहितीपट पाहिलेल्यांच्या कानांत त्यांचा आवाज आजही असेल.

त्याच आवाजात त्यांनी ‘वेस्ट व्हर्जिनिया, माय होम’ही गायले, आणि त्यात रागाचा लवलेश नाही. ज्या डोंगरांनी भाऊ गिळला, त्याच डोंगरांची ही हुरहुर आहे.

१९८७च्या ‘मेटवान’ या चित्रपटात १९२०च्या खाण-संघर्षाची गोष्ट आहे. त्यात दफनाच्या वेळी कबरीशी उभी राहून गाणारी बाई म्हणजे हेझल डिकन्स.