लघवीच्या रिपोर्टातली शांत ओळ

(ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेत एका पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. येताना प्रत्येकानं आपली रिपोर्टांची फाइल आणावी, असा निरोप मी मुद्दाम पाठवला होता. बऱ्याच जणांच्या मांडीवर फायली दिसताहेत, बरं वाटलं. त्या आत्ताच उघडू नका, शेवटी लागणार आहेत.

गेली सव्वीस वर्षं माझी सकाळ लघवीच्या नमुन्यांनी सुरू होते. रक्ताच्या तपासणीला जो मान मिळतो तो हिला मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सुई नाही, दुखत नाही, पैसे थोडे. म्हणून लोक तिला किरकोळ समजतात. आपल्या जुन्या वैद्यांनी तसं समजलं नव्हतं. गोड लघवीला मुंग्या लागतात हे त्यांनी टिपलं, आणि मधुमेह या नावातच मध आहे. पुढे लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर अंगावर सूज आलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. अंड्यातला पांढरा बलक शिजावा तसं ती पांढरी साकळायची. त्या रुग्णांची मूत्रपिंडं बिघडलेली असतात, हे त्यांनी १८२७ साली छापून जगापुढे ठेवलं. त्या चमच्यात साकळायचं तेच आज तुमच्या रिपोर्टात ‘अल्ब्युमिन’ किंवा ‘प्रोटीन’ या ओळीत असतं. त्या ओळीसाठीच मी आज आले आहे.

पण आधी बाटलीबद्दल बोलू, कारण अर्धे घोळ तिथेच होतात. परवा एक काका खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत नमुना घेऊन आले. बाटली विसळलेली होती, तरी तळाशी औषधाचा गुलाबी थर होताच. लॅबमधून मिळते तीच स्वच्छ डबी वापरा. जागा पाण्यानं धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली धार डबीत धरा. आणि तासाभरात पोचवा. उबेत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. म्हणजे एकाचे दोन तासांत चौसष्ट. ते तुमच्या पोटात नव्हते, डबीत वाढले. कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, नमुना लगेच पोचवणं जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, दाराच्या कप्प्यात नको, आत ठेवा.

लॅबमध्ये आम्ही आधी पट्टी बुडवतो. बोटभर लांब प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर दहाएक छोटे चौकोन, प्रत्येक चौकोनाचं काम वेगळं. मिनिटभरात रंग बदलतात. अल्ब्युमिनचा चौकोन पिवळा असतो, प्रोटीन असेल तर हिरवा होत जातो. मग लघवी नळीत घालून मशीनमध्ये पाच मिनिटं गरागरा फिरवतो, तळाला बसलेल्या गाळाचा थेंब काचेवर घेतो आणि भिंगाखाली धरतो. पस सेल म्हणजे पांढरी पेशी, गोल, आत रवाळ. लाल पेशी त्याहून लहान, फिकट चकतीसारखी. आणि एपिथेलियल पेशी मोठ्या, पसरट, कडा वाकलेल्या पापडासारख्या. या शेवटच्या खूप दिसल्या तर मी समजते की नमुन्यात बाहेरच्या त्वचेचा भाग उतरला आहे. मग पस सेल्सच्या आकड्यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. या दोन ओळी नेहमी एकत्र वाचाव्यात.

आता पस सेल्स. रिपोर्ट हातात आला की सगळ्यांचं बोट याच ओळीवर जातं. एका नजरेच्या वर्तुळात पाचपर्यंत पस सेल्स असल्या तर चिंता नाही. सहा-आठ लिहिलेलं बघून घरात धावपळ सुरू होते. एका आजींना असा रिपोर्ट बघून लागोपाठ तीनदा अँटिबायोटिक दिलं गेलं. जळजळ नाही, ताप नाही, वारंवार जावं लागत नाही. तक्रार काहीच नव्हती. कल्चरमध्ये ‘मिक्स्ड ग्रोथ’ लिहिलं होतं, म्हणजे चार प्रकारचे जंतू एकत्र, जे बहुतेक वेळा नमुना नीट न धरल्याचं लक्षण असतं. तिसऱ्या कोर्सनंतर जुलाब लागून आजी अंथरुणाला खिळल्या. उतारवयात, विशेषतः बायकांच्या लघवीत, जंतू नुसते राहत असतात. त्रास नसेल तर त्यांना औषध लागत नाही. गरोदरपण आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रिया, हे त्याला अपवाद. मात्र थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, लघवीला जळजळ असेल तर आकडा कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

साखरेच्या ओळीबद्दल थोडक्यात सांगते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर लघवीत साखर दिसणारच, कारण ती लघवीवाटे काढून टाकणं हेच त्या गोळीचं काम आहे. तीन प्लस, म्हणजे भरपूर, असं बघून घाबरून गोळी बंद करू नका.

रंगाचं तसंच. बीट खाल्लं की काहींची लघवी लालसर होते, क्षयाच्या रिफॅम्पिसिननं नारिंगी होते. पण बीट खाल्लेलं नसताना लघवीत रक्त दिसलं, अगदी एकदाच दिसलं आणि आपोआप थांबलं, तरी ते सोडून देऊ नका. दुखलं नाही म्हणून बायका आणि पुरुष दोघेही गप्प बसतात. चाळिशीनंतर, त्यातही विडी-सिगरेट ओढणाऱ्याला, न दुखता आलेलं रक्त मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकतं.

आता ती शांत ओळ. मूत्रपिंड म्हणजे अत्यंत बारीक चाळणी. रक्तातलं अल्ब्युमिन तिच्यातून सहसा खाली पडत नाही. मधुमेहानं, रक्तदाबानं चाळणीची भोकं सैल होऊ लागली की ते थोडं थोडं गळायला लागतं. त्या वेळी सूज नसते, दुखत नाही, आणि मूत्रपिंडाचं काम कळायला बघतात ते रक्तातलं क्रिएटिनिनही नॉर्मल येतं. फक्त हा चौकोन किंचित हिरवा होतो आणि रिपोर्टात ‘ट्रेस’ लिहिलं जातं.

माझ्या मामाला बारा वर्षं मधुमेह होता. तो दवाखान्यात भरती झाला तेव्हा मी त्याची फाइल पहिल्यांदा हातात घेतली. पहिल्या रिपोर्टात अल्ब्युमिन ट्रेस. पुढच्या वर्षी एक प्लस. त्यापुढे दोन प्लस. प्रत्येक कागदावर कुणीतरी निळ्या पेनानं पस सेल्सभोवती गोल केला होता, आणि त्याच्या चार ओळी वर असलेल्या अल्ब्युमिनला पेन लागलेलंही नव्हतं. मी रोज दुसऱ्यांचे रिपोर्ट सही करत होते आणि मामाकडे त्याची फाइल कधी मागितली नाही. आता आठवड्यातून तीन दिवस त्याचं डायलिसिस असतं.

एकदा ट्रेस आलं म्हणजे मूत्रपिंड गेलं, असं नाही. ताप, जास्त व्यायाम, लघवीतला संसर्ग यांनीही ते तात्पुरतं येतं. उन्हाळ्यात पाणी कमी पडून लघवी दाट झाली तरी पट्टीचा रंग बदलतो. उलट खूप पाणी पिऊन ती पातळ झाली तर खरी गळती लपते. म्हणून वेगळी तपासणी असते, ‘युरिन एसीआर’. तिच्यात अल्ब्युमिनची तुलना लघवीतल्या क्रिएटिनिनशी करतात, त्यामुळे दाट-पातळचा फरक निघून जातो. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन किती मिलिग्रॅम, तो हा आकडा. ३०च्या आत बरं. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली, आणि हा टप्पा नुसत्या पट्टीला बऱ्याचदा कळतही नाही. ३००च्या वर म्हणजे जास्त. तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासून तिनात दोनदा वाढलेलं आलं तरच ते खरं धरायचं. प्रौढपणी होणारा मधुमेह ज्यांना आहे, त्यांनी निदान झालं त्या वर्षापासून दरवर्षी ही तपासणी करावी. या टप्प्यावर हातात बरंच असतं. साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणणं तर आलंच, शिवाय रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी गळती कमी होते. मघाशी सांगितलेल्या साखरेच्या गोळ्याही मूत्रपिंडाला सांभाळतात. कोणती, किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण विषय तुम्ही काढा.

घरात गरोदर सून किंवा लेक असेल तिच्यासाठी एवढंच: पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा वर गेला आणि लघवीत प्रोटीन आलं, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर उद्याची वाट न पाहता रुग्णालयात न्या.

आता चष्मे लावा आणि फायली उघडा. सगळ्यात जुना लघवीचा रिपोर्ट काढा, मग त्यापुढचे तारखेनुसार लावा. प्रत्येकावर अल्ब्युमिनची ओळ शोधून तिच्याखाली रेघ मारा. ज्यांच्या दोन कागदांवर ‘नील’, म्हणजे ‘काही नाही’, हे सोडून दुसरं काही लिहिलं आहे, त्यांनी इथे पुढे येऊन बसा. वाचायला अडचण असेल त्यांनी नुसता हात वर करा, मी तुमच्या जागेवर येते.