एलिझाबेथचं माहेर

मंडळी, अध्यक्षांनी पस्तीस मिनिटं दिली, त्यातली सात माझ्या परिचयातच गेली. विषय आहे, अमेरिकेतला आद्य पूर्वज कसा शोधावा. पुण्यात बसून ही उठाठेव कशाला? तर आमचे जावई अमेरिकन. पहिल्याच भेटीत म्हणाले, “माझे पूर्वज मेफ्लॉवरवरून आले.” आमच्या सौ.नी विचारलं, “बोटीवर कामाला होते का?”

हसताय काय, नेम अगदी जवळ लागला होता! ते पूर्वज म्हणजे जॉन हाऊलंड. १६२० साली मेफ्लॉवर हे जहाज इंग्लंडहून अमेरिकेत वसाहत करायला निघालं, त्यावर १०२ उतारू होते, त्यांतल्या जॉन कार्व्हर यांचा हा नोकर. वादळात डेकवर आला तो थेट समुद्रात. नशिबानं शिडाचा एक दोर पाण्यात लोंबत होता, तो हाती लागला. गडी पाण्याखाली गेला पण दोर सोडला नाही. शेवटी आकडीनं ओढून वर घेतला. पुढे गव्हर्नर झालेल्या ब्रॅडफर्डनं हे लिहून ठेवलंय. त्या एका दोरावर पुढची दहा मुलं लोंबकळतायत, फ्रँकलिन रूझवेल्ट लोंबकळतायत, दोन्ही बुश अध्यक्षसुद्धा!

पण मला रस आहे तो हाऊलंडच्या बायकोत. (मागच्या रांगेनं नसते अर्थ काढू नयेत.) ही एलिझाबेथ मेफ्लॉवरवर होती तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची. पहिल्याच हिवाळ्यात निम्मे लोक गेले, त्यांत तिचे आईवडील. कार्व्हर त्यांच्या प्लिमथ वसाहतीचा पहिला गव्हर्नर; तोही १६२१ च्या वसंतात गेला. आता गंमत बघा. १८३६ साली वंशजांनी प्लिमथच्या टेकडीवर हाऊलंडच्या स्मृतीचा दगड बसवला, त्यावर एलिझाबेथ कोणाची मुलगी? गव्हर्नर कार्व्हरची! घराण्यात गव्हर्नर असावा असं कोणाला वाटत नाही?

आमच्याच कुलवृत्तांतात माझ्या आजीचं माहेर ‘इनामदार’ छापलंय. पणजोबा आचारी होते हो! इनाम कसलं, पंगतीतले उरलेले लाडू. मी समितीला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं, ‘पुढील आवृत्तीत विचार करू.’ पुढील आवृत्ती! पहिलीचेच गठ्ठे कोणाच्या तरी माळ्यावर पडलेत. त्या माउलीनं जन्मभर बापाच्या हातच्या आमटीची आठवण काढली आणि छापताना बापच बदलला. असो. रक्तदाब वाढतो.

तर ब्रॅडफर्डचं हस्तलिखित अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत गायब झालं होतं, ते १८५५ साली सापडलं कुठे, तर लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात. त्यात उतारूंची यादी आणि पुढे कोणाचं काय झालं याची टिपणं. तिथे स्वच्छ लिहिलंय: हाऊलंडची बायको जॉन टिलीची मुलगी. टिली, साधा उतारू. पुढे दगडही बदलला. आता त्यावर टिलीच आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मुख्य विषय आता पळतच सांगतो. मेफ्लॉवरपासून खाली येऊ नका, स्वतःपासून वर चढा. प्रत्येक पायरीला जन्म, लग्न, मृत्यू यांचा कागद हवा. घरातल्या सगळ्या स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसांची नावं अमेरिकन जनगणनेत १८५० पासून मिळतात. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुख, बाकीचे नुसते आकडे. गुलामांची नावं १८५० आणि १८६० च्या याद्यांत नाहीतच, त्यांचे वंशज १८७० ला येऊन अडतात. १८९० ची जनगणना आगीत गेली, ती शोधत बसू नका. तारखा जपून! १७५२ पर्यंत तिकडचं सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून हाऊलंडचा मृत्यू २३ फेब्रुवारी १६७२/७३ असा लिहितात: जुन्या हिशोबानं १६७२, आजच्या हिशोबानं १६७३. ती छपाईची चूक नव्हे. आणि मृत्युपत्रं वाचा. मुलीचं सासरचं नाव बापाच्या मृत्युपत्रात सापडतं. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्या असतात, तसं काही तिकडे नाही.

जावयांचं काय झालं विचारताय? सहा पिढ्या वर चढलो. सातव्या पायरीवर एक मेरी आहे. नवऱ्याचं नाव आहे, मुलांची आहेत, मेरीचं माहेर कोऱ्या कागदासारखं. वरून हाऊलंडची एक नात खाली येते, तिचंही नाव मेरी. दोघींच्या मध्ये तीसेक वर्षांचा खड्डा. जावई मात्र रोज सकाळी मेफ्लॉवरचं चित्र असलेल्या मगातून कॉफी पितात. मी अजून काही बोललेलो नाही. जावई आहेत शेवटी.