मसलबरा: धावपट्टीच्या आतलं गोल्फ

(पहाट, धुकं, पांढरा कठडा)

घोड्यांच्या रेसच्या धावपट्टीचा पांढरा कठडा. त्याच्याखालून वाकून एक माणूस आत येतो. हातात लोखंडी नळकांडं, वर आडवी मूठ. हिरवळीवर जागा हेरून तो ते जमिनीवर ठेवतो आणि अंगाचा भार देतो. थोडं उजवीकडे फिरवतो, थोडं डावीकडे, पुन्हा भार. मग अलगद वर उचलतो. नळकांड्यात गवत, माती आणि वाळू अशी आख्खी गोल वडी अडकून आलेली असते. तीच वडी घेऊन तो कालचं भोक बुजवतो, पायाने दाबतो, वर पाणी शिंपडतो. आज होल इथे असणार.

ह्या भोकाची रुंदी सव्वाचार इंच. जगात कुठेही गोल्फ खेळा, होल एवढाच असतो. हे माप ह्याच मैदानाचं. इथे 1829 साली होल पाडायचं एक हत्यार बनवलं गेलं. त्याची रुंदी सव्वाचार इंच होती. 1890 च्या दशकात खेळाचे नियम पक्के झाले, तेव्हा तेच माप सगळ्यांसाठी ठरलं. ते जुनं हत्यार आजही जपून ठेवलेलं आहे. आणि योगायोग असा, की त्याच 1829 साली आपल्याकडे कोलकात्यात रॉयल कॅलकटा गोल्फ क्लब सुरू झाला.

(खाडीवरून मैदानाकडे)

हे स्कॉटलंडमधलं मसलबरा. नाव लिहितात वेगळं, पण इथले लोक उच्चारतात असंच. एडिंबरापासून पाच-सहा मैलांवर, फर्थ ऑफ फोर्थ ह्या खाडीच्या काठावर वसलेलं जुनं मासेमारीचं गाव. गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात, त्या शिंपल्यांवरून गावाचं नाव पडलं. समुद्र आणि शेती यांच्या मधली ही रेताड, गवताळ, उंचसखल जमीन. अशा जमिनीला इथे लिंक्स म्हणतात. नांगराला ती निरुपयोगी. म्हणून ती सगळ्या गावाची राहिली.

एकूण नऊ होल, म्हणजे पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतचे नऊ टप्पे, लांबी तीन हजार यार्डांच्याही आत. सभोवती 1816 पासून घोड्यांची शर्यत धावते. खेळता खेळता धावपट्टी ओलांडावी लागते, आणि शर्यतीच्या दिवशी गोल्फ बंद.

(हिशेबाच्या वहीचं पान)

2 मार्च 1672. रॅव्हलस्टनचे सर जॉन फाऊलिस आपल्या हिशेबाच्या वहीत टिपून ठेवतात: मसलबराला मित्रांबरोबर गोल्फमध्ये 3 पौंड 5 शिलिंग हरलो. गड्याचा पगार, दाण्याचा खर्च टिपावा तितक्याच साधेपणाने. महाराष्ट्रात तेव्हा शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक व्हायला दोन वर्षं होती. स्कॉटलंडची राणी मेरी इथे 1567 मध्ये खेळली असंही सांगतात, पण ती आख्यायिका. ही नोंद मात्र कागदावर आहे, आणि तिच्याच आधारावर हे मैदान जगातलं सगळ्यात जुनं गोल्फ मैदान म्हणून गिनीजच्या नोंदीत आलं.

(जुनी छायाचित्रं: पाठीवर टोपल्या घेतलेल्या बाया)

आता ह्या बायकांकडे बघा. मसलबराच्या मासेविक्या. वेताची टोपली पाठीवर, तिचा पट्टा कपाळावर, घागरे खोचलेले. भल्या सकाळी मासळी भरून ह्या एडिंबरापर्यंत चालत जायच्या. आपल्याकडची कोळीण पाटी डोक्यावर घेते, ह्यांची पाठीवर. चाल तीच, आवाजही तसाच खणखणीत असणार.

आणि सुट्टीच्या दिवशी ह्या गोल्फ खेळायच्या.

हे इथल्या पाद्र्याने, अलेक्झांडर कार्लाइलने, अठराव्या शतकाच्या शेवटी लिहून ठेवलंय. ह्या बाया पुरुषांची कामं करतात, सुट्टीला गोल्फ खेळतात, आणि वर्षातून एकदा लग्न झालेल्या विरुद्ध बिनलग्नाच्या असा फुटबॉलचा सामना होतो, ज्यात लग्न झालेल्याच नेहमी जिंकतात. डिसेंबर 1810 मध्ये गोल्फ क्लबाने ठराव केला: नववर्षाच्या सामन्यात उत्तम खेळणाऱ्या मासेविक्या बाईला वर्गणीतून नवी टोपली आणि शाल द्यायची. त्यात भर म्हणून बार्सिलोनाचे दोन उत्तम रेशमी रुमाल. बायकांच्या गोल्फ स्पर्धेची ही सगळ्यात जुनी नोंद मानली जाते. बक्षीस काय दिलं ते बघा. टोपली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाठीवर घ्यायची ती.

आपल्याकडे गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं उंच कुंपण, फाटकावरचा पहारेकरी, लाखांचं सभासदत्व. म्हणून आम्हाला हे मैदान दाखवायचं होतं.

(हाताचा जवळून घेतलेला शॉट: लाकडी दांडा, चामड्याची मूठ)

इथे जुन्या पद्धतीच्या, हिकरी नावाच्या लाकडाच्या दांड्याच्या काठ्या भाड्याने मिळतात. आम्ही त्याच घेतल्या. पोलादी काठीपेक्षा ही हातात जिवंत वाटते. दांडा लवतो. घाई केली की पातं मागे राहतं आणि चेंडू उजवीकडे भरकटतो. पहिला होल छोटा, जवळजवळ प्रेक्षागाराच्या सावलीत. चेंडू बरोबर पात्याच्या मध्यावर लागला तर आवाज येतो सुपारी फोडल्यासारखा. चुकला तर झिणझिण्या थेट कोपरापर्यंत. आमचे दोन्ही अनुभव घेऊन झाले.

त्याच्याही आधी चेंडू कातड्याचे आणि पिसांचे असायचे, आणि मसलबराचं गूर्ली घराणं त्यासाठी नावाजलेलं. ओल्या कातड्याचे तुकडे शिवायचे, पिशवी उलटी करायची, एक बारीक फट ठेवायची. हॅट भरून पिसं उकळून मऊ करायची आणि त्या फटीतून लोखंडी सळईने ठासत राहायचं, शेवटी छातीचा जोर लावून. मग टाके घालायचे. वाळताना कातडं आकसतं आणि आतली पिसं फुलतात. दोघांच्या ओढाताणीत चेंडू दगडासारखा होतो. हातोडीने ठोकून गोल करायचा, पांढरा रंग द्यायचा. कसबी माणसाचे दिवसाला तीन-चार व्हायचे. म्हणून चेंडू महाग. 1848 च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकाचा, गटापर्चाचा, स्वस्त चेंडू आला आणि पिसांचा धंदा बसला.

(चौथा होल, मागे जुनी इमारत)

चौथ्या होलचं नाव मिसेस फोरमन. ग्रीनला, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला, लागून तिचं मद्यालय होतं. 1870 साली इथे गावचा नामवंत गोल्फपटू विली पार्क आणि सेंट अँड्र्यूज गावचा ओल्ड टॉम मॉरिस यांचा सामना रंगला. गावकऱ्यांची गर्दी इतकी अंगावर आली की मॉरिस खेळ सोडून मिसेस फोरमनच्या मद्यालयात जाऊन बसला. पंचांनी खेळ थांबवला. पार्क एकटाच उरलेले होल खेळला आणि जिंकलो म्हणाला.

1874 ते 1889 ह्या काळात ओपन, म्हणजे ब्रिटनमधली गोल्फची सगळ्यात मानाची स्पर्धा, सहा वेळा ह्या नऊ होलवर झाली. एका दिवसात चार फेऱ्या, छत्तीस होल. पहिल्यांदा जिंकला मुंगो पार्क, विलीचा भाऊ, दर्यावर्दी माणूस. 1886 मध्ये जिंकला डेव्हिड ब्राऊन, छपरांवर दगडी कौलं बसवणारा कामगार. आणि बॉब फर्ग्युसन. आठव्या वर्षापासून ह्याच मैदानावर कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारा. 1880, 81, 82 असा सलग तीनदा ओपन विजेता. 1883 ला पुन्हा इथेच विली फर्नीशी बरोबरी झाली आणि विजेता ठरवायला आणखी छत्तीस होल खेळावे लागले. शेवटच्या होलला फर्ग्युसन एका फटक्याने पुढे होता. फर्नीने तो होल दोन फटक्यांत संपवला आणि एका फटक्याने ओपन नेली.

1891 मध्ये इथे खेळणारा एक मोठा गोल्फ क्लब म्यूरफील्डच्या मैदानावर गेला, पुढच्या वर्षीची ओपनही तिकडे गेली, आणि इथे परत आली नाही.

मैदान गावातच राहिलं. आजही सभासद असायची अट नाही. पैसे भरा, काठ्या घ्या, खेळा.

(संध्याकाळ, शेवटचा होल)

त्या 1883 नंतर फर्ग्युसनला विषमज्वर झाला आणि मोठ्या स्पर्धा सुटल्या. तो पुन्हा कॅडी झाला. ह्याच मैदानाची हिरवळ राखली, पोरांना खेळ शिकवला.

हे शेवटचं ग्रीन. शाळेच्या दप्तरासकट आलेली ही दोन मुलं, त्यांच्यात मिळून तीन काठ्या.

(आवाज फक्त वाऱ्याचा आणि चेंडू होलमध्ये पडण्याचा)