पिन भोकात, झडप वर

श्रोते हो, नमस्कार. आजचा विषय फोर्कलिफ्टचा, म्हणजे माल उचलणाऱ्या गाडीचा गॅस. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, कामाला जाणाऱ्यांसाठी तो आहेच, पण घरच्यांनीही ऐका. बाटला तुम्हाला काही परका नाही.

घरचा बाटला उभा असतो आणि वरचा वायू शेगडीला जातो. फोर्कलिफ्टचा बाटला आडवा. त्यातून वायू नाही, द्रव काढायचा असतो, आतल्या वाकड्या नळीतून. पुढे इंजिनाच्या गरम पाण्यावर तापणारा व्हेपोरायझर त्याचा वायू करतो. म्हणून घरचा बाटला फोर्कलिफ्टला लावू नये, आडवा करून तर मुळीच नको. (आणि घरचा लाल बाटला हातगाडीवर लावणाऱ्याची सेव-उसळ खाऊ नये, तर्री कितीही झणझणीत असो!)

आता एका गोडाऊनमधली गोष्ट. तिथला चालक महिनाभर कुरकुरत होता, "साहेब, एजन्सीवाला बाटला अर्धाच भरून देतो. जेवणाच्या सुट्टीआधीच गाडी खोकायला लागते." एजन्सीचा माणूस म्हणाला, "भाई, वजन करून घ्या ना!" बाटला काट्यावर चढला. कड्यावर कोरलेलं रिकाम्याचं वजन वजा केलं, तर गॅस पुरेपूर. दुपारी गाडी पुन्हा खोकली, बंद पडली. तोच बाटला परत काट्यावर. आत जवळजवळ निम्मा गॅस शिल्लक! मग चोर कोण?

फिटरकाकांना बोलावलं. त्यांनी बाटल्याला हातसुद्धा लावला नाही. गाडीमागे वाकले, बाटल्याची बैठक पाहिली आणि म्हणाले, "पिन कुठाय रे? उलट्या कुशीवर झोपवलास की याला!"

बैठकीवर एक पिन असते आणि बाटल्याच्या कड्याला एक भोक. बाटला योग्य कुशीवर असेल तरच दोन्ही जुळतात. इथे पिन वाकून सपाट झालेली, नुसत्या पट्ट्यावर काम चाललेलं. त्यामुळे खाली हवं ते नळीचं तोंड वर गेलं. द्रव निम्म्यावर आला की तोंडात नुसता वायू, मग इंजिन उपाशी. भांडण मिटलं, पण काका हसले नाहीत. वर हवी ती सुरक्षा झडप खाली, द्रवात बुडालेली होती. मे महिन्याच्या उन्हात दाब वाढून ती उघडली असती, तर वायूऐवजी द्रव फवारला असता. 1 लिटर द्रवाचा साधारण 250 लिटर वायू होतो. पुन्हा सांगतो: पिन भोकात, झडप वर.

बाकीचं पटकन. बाटला बदलायचा तो मोकळ्या हवेत, विडी-ठिणगीपासून लांब. आधी व्हॉल्व्ह बंद करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे नळीतला गॅस संपतो. मग चावी बंद. हातमोजे घाला, या गॅसमधला प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, गारठ्यानेच कातडी जाळतो. जोडणी हातानेच आवळा, पान्याने नाही. आतली रबरी रिंग चिरलेली असेल तर बदला. नव्या बाटल्याचा व्हॉल्व्ह हळू उघडा. हळू! झटक्यात उघडलात तर जादा प्रवाह रोखणारी झडप टक्कन बसते आणि गाडी सुरूच होत नाही. तेव्हा ठोकाठोक नको. बंद करा, थोडं थांबा, परत हळू उघडा. गळती साबणाच्या फेसाने बघा. वास आला तर खड्डे आणि गटारं आधी तपासा, हा गॅस हवेहून जड आहे, खाली साचतो.

आणि "रिकामा" म्हणून उतरवलेल्या बाटल्याचाही व्हॉल्व्ह बंद करून ठेवा. त्या गोडाऊनमधले रिकामे बाटले किती रिकामे होते, ते आत्ताच ऐकलंत.